पेडणेकरांच्या दाराची पितळी पट्टी

दिवाळी अंकासाठी लिहा म्हणून ज्या संपादकबाईंचा फोन आला, त्यांना बंदुका हव्या होत्या. "मॅडम, एवढी वर्षं तुम्ही बॅलिस्टिकमध्ये काढलीत, गँगवॉरचं वगैरे द्या ना काहीतरी. लोकांना आवडतं." मी म्हटलं, बाई गं, माझ्या टेबलावर पिस्तुलांपेक्षा कडीकोयंडेच जास्त आले. त्या हसल्या. त्यांना वाटलं मी विनय दाखवतेय. विनय माझ्या स्वभावात नाही, आमच्या घरी कोणालाही विचारा.

सरकारी न्यायवैद्यक प्रयोगशाळेतल्या आमच्या विभागाचं काम आधी थोडक्यात सांगते, म्हणजे पुढचं कळायला सोपं जाईल. पिस्तुलाच्या नळीला आतून वळणदार खाचा पाडलेल्या असतात. गोळी त्यातून फिरत बाहेर पडते आणि जाताना अंगावर ओरखडे घेऊन जाते. कारखान्यात एकाच यंत्रावर लागोपाठ तयार झालेल्या दोन नळ्यासुद्धा आतून हुबेहूब सारख्या नसतात, म्हणून ओरखडेही सारखे नसतात. आम्ही काय करायचो, पोलिसांनी पाठवलेल्या पिस्तुलातून पाण्याच्या लांबलचक टाकीत गोळी झाडायची, ती काढायची आणि मयताच्या अंगातून निघालेल्या गोळीशेजारी ठेवून बघायची. या झाडाझाडीत माझा डावा कान गेला. बोळे घालायचो तरी गेला. आता त्या बाजूनं कोणी काही बोललं तर मला ऐकू येत नाही. आमच्या ह्यांचं म्हणणं असं की उजव्या बाजूनंही येत नाही.

हत्यारांच्या खुणांचंही शास्त्र तेच. पहार, सुताराची पटाशी, स्क्रूड्रायव्हर, कसलीही धार घ्या. डोळ्याला सरळ दिसते, पण मोठी करून बघितली तर जुन्या आरीसारखी असते. वापरून वापरून तिला बारीक दाते पडलेले असतात. ती धार लोखंडावरून किंवा पितळेवरून घासली की त्या दात्यांच्या रेषा उमटतात. मग आम्ही तेच हत्यार शिशाच्या मऊ पत्र्यावर घासून नमुन्याच्या रेषा पाडायचो आणि दोन्ही वस्तू कम्पॅरिझन मायक्रोस्कोपखाली ठेवायचो. हा म्हणजे दोन मायक्रोस्कोपची जोडगोळी. वस्तू दोन टेबलांवर, पण डोळ्याला एकाच गोलात अर्धी अर्धी दिसतात, मध्ये एक काळी रेघ. डाव्या अर्ध्यातल्या रेषा त्या काळ्या रेघेवर येऊन उजव्या अर्ध्यातल्या रेषांना बरोब्बर भेटल्या की अंगावर काटा यायचा. शेवटच्या वर्षापर्यंत यायचा, खोटं कशाला बोलू.

या कामात एक नियम सगळ्यांच्या आधी. सापडलेलं हत्यार सापडलेल्या खुणेत घालून बघायचं नाही. कधीच नाही, कोणीही नाही. माणसाच्या हाताला ते आवरत नाही, कारण किल्ली दिसली की कुलपाला लावून बघावीशी वाटते. पण एकदा घातलं की जुनी रेष आणि नवी रेष एकमेकींत कालवतात, आणि मग ब्रह्मदेव आला तरी त्या वेगळ्या करू शकत नाही. नवीन माणूस रुजू झाला की चहा पाजायच्या आधी मी त्याला हे सांगायचे. "बघ रे, हात शिवशिवतील. खिशात घालून ठेव."

पोलिसांना सांगून मात्र जीभ झिजली. वाकोल्याकडून एक हवालदार गावठी कट्टा घेऊन आले होते, तो मिठाईच्या खोक्यात. वरती लाखेचं सील अगदी कायद्यानं ठोकलेलं. आत कट्ट्याला पेढ्याचा खवा चिकटलेला. मी विचारलं, हे काय? ते म्हणाले, "मॅडम, दुसरं बॉक्स नव्हतं, आणि साहेबांच्या मुलाचा रिझल्ट लागला होता." त्यांच्या तोंडावर इतका निरागसपणा की मला रागवता येईना. कट्टा बराच वेळ घासून पुसून घ्यावा लागला, आणि मुंग्या लागल्या त्या वेगळ्याच.

घाटकोपरच्या एका घरफोडीत पलंगावरच्या पांढऱ्या चादरीवर बुटाचा ठसा मिळाला होता. सुरेख ठसा, टाचेला एक आडवी चीर. चार संशयितांचे बूट आले, एकाचाही जुळेना. तपासाला असलेले फौजदार फार तापले. "मॅडम, नीट बघा, चोर हातचा जातोय." माझ्या टेबलासमोर खुर्चीत बसून, एक पाय दुसऱ्यावर टाकून ते हे सांगत होते, आणि वर आलेल्या पायाच्या टाचेला ती चीर होती. माळ्यावर बघायला साहेब बुटासकट पलंगावर चढले होते. मी म्हटलं, साहेब, चोर सापडला, पण तुम्हाला आवडायचा नाही. त्यानंतर ते मला दर दिवाळीला फोन करायचे.

अशा गोष्टी मी लग्नकार्यात सांगते आणि लोक हसतात. पण आमच्या अहवालात उत्तरं तीनच असतात. जुळलं, नाही जुळलं, आणि निश्चित मत देता येत नाही. लोकांना वाटतं तिसरं उत्तर म्हणजे सरकारी माणसानं झटकलेलं काम. खरं तर त्याच उत्तराला सगळ्यात जास्त मेहनत लागते. हो किंवा नाही मिळेल म्हणून पुन्हा पुन्हा बघायचं, कोन बदलायचा, उजेड बदलायचा, सहकाऱ्याला बोलवायचं, आणि मग स्वतःचा मोह गिळून ते वाक्य लिहायचं. मला त्या वाक्याचा अभिमान होता. अजून आहे. पण त्या वाक्याबरोबर राहायचं म्हणजे काय, हे मला पेडणेकरांनी दाखवलं.

रामचंद्र पेडणेकर मुलुंड पूर्वेला एका जुन्या तीन मजली इमारतीत राहतात. मूळचे मालवणकडचे. वडील गिरणीत, हे भांडुपच्या एका कारखान्यात फिटर. फिटर म्हणजे एका भागात दुसरा भाग अचूक बसवणारा माणूस. पोरं नाहीत, नवरा-बायको दोघंच. वरच्या मजल्यावर मंदावहिनी, नवरा लवकर गेलेला, एकुलता एक मुलगा निलेश. मंदावहिनी कामाला जायच्या तेव्हा पेडणेकरांच्या बायकोनं, सुमननं, त्या पोराला सांभाळलं, भरवलं, शाळेत सोडलं. पुढे तो फर्निचरच्या कामाला लागला. पटाशी धरायला त्याला पेडणेकरांनीच शिकवलं होतं.

एके दिवशी सकाळी पेडणेकर दवाखान्यातून बायकोच्या गोळ्या आणायला गेले. परत आले तर दार उघडं, आणि सुमन स्वयंपाकघरात पडलेली. ओट्याचा कोपरा डोक्याला लागला होता. कोणीतरी दाराच्या फटीत हत्यार घालून लॅच उचकटला होता. घरात कोणी नसेल असं त्याला वाटलं असावं, आणि ती समोर आली. गळ्यातलं मंगळसूत्र गेलं होतं, ते शेवटपर्यंत मिळालं नाही. ती हॉस्पिटलात पोचायच्या आधीच गेली.

पोलीस आले, पंचनामा झाला, दारावरचे ठसे घेतले, पण चौकटीवरची पट्टी त्या दिवशी कोणी काढून नेली नाही. लॅचची जीभ जिच्यात शिरते ती पट्टी. पितळेची होती, पेडणेकरांनी कारखान्यात उरलेल्या तुकड्यातून स्वतः कापून, घासून बनवलेली. पितळ मऊ, त्यामुळे खूण सुंदर उमटते. तिच्या कडेवर हत्याराची खूण स्वच्छ पडलेली होती. म्हणजे असणार. मी ती तशी कधी बघितली नाही.

दहाव्याचं झाल्यावर पेडणेकर गच्चीत गेले. पाण्याच्या टाकीमागे त्यांना एक पटाशी दिसली. निलेशची होती, त्यांनी ओळखली, मूठ त्यांनीच बसवून दिलेली. ती घेऊन ते खाली आले, आणि जन्मभर फिटरचं काम केलेला माणूस जे करेल तेच त्यांनी केलं. पटाशी खुणेला लावून बघितली. बसते का? बसली. खात्री करायला दाबून बघितली, थोडी हलवून बघितली. मग पोलिसांना फोन केला.

आमच्याकडे पुडकं आलं तेव्हा मला यातलं काहीच माहीत नव्हतं. आम्हाला माणसं माहीत नसतात, फक्त पुडकी. एकात पटाशी, एकात पट्टी. मी शिशावर नमुना घेतला, दोन्ही मायक्रोस्कोपखाली ठेवलं, आणि पहिल्याच नजरेत रेषा जुळल्या. इतक्या सुंदर की मी शेजारच्या टेबलावरच्या शिंदेला हाक मारली. "ये रे, बघ, असं वर्षातून एकदा दिसतं." शिंदेनं बघितलं, मान डोलावली, आणि म्हणाला, "मॅडम, जरा सरळच गेलीय ना?"

तो बोलला आणि मी पुन्हा डोळा लावला. दार उचकटणारा माणूस पटाशी तरफेसारखी वापरतो, म्हणजे रेषा तिरक्या जातात, ओढल्यासारख्या. या रेषा सरळ आत गेलेल्या. आणि पितळ दाराला लागून हाताळून काळवंडलेलं असतं, तिथे या रेषांचा तळ नव्या भांड्यासारखा लखलखत होता. त्यांच्याखाली दुसऱ्या कसल्यातरी रेषा होत्या, तिरक्या, थोड्या मळलेल्या, पण चिरडलेल्या. त्याच त्या खऱ्या. मी उजेड या बाजूनं टाकला, त्या बाजूनं टाकला. कुठे दोन रेषा दिसत, तिसरी गायब. दोन रेषांवर मत देत नाहीत.

मी पोलीस ठाण्यात विचारणा केली. फोनवर तपासातला हवालदार खुशीत म्हणाला, "अहो मॅडम, काकांनीच लावून बघितली ना! म्हणून तर आपल्याला कळलं. फिटर आहेत ते, एकदम एक्सपर्ट." मी फोन ठेवला.

अहवालात जे होतं तेच लिहिलं. पट्टीवर या पटाशीच्या ताज्या खुणा आहेत. त्याखालच्या मूळ खुणांबाबत निश्चित मत देता येत नाही.

कोर्टात माझी साक्ष लागली त्या दिवशी बाहेरच्या बाकावर एक किडकिडीत म्हातारा बसला होता. पांढरा सदरा, खिशाला पेन. त्याची साक्ष नुकतीच झाली होती. माझ्या हातातली फाइल बघून त्यानं विचारलं, "तुम्हीच का त्या प्रयोगशाळेतल्या सावंत मॅडम? मी पेडणेकर." साक्षीदारांशी बोलणं मी टाळायचे, पण तो माणूस बोलतच राहिला. चेहऱ्यावर दमलेला, पण काम नीट झाल्याचा भाव. "मी आत सगळं सांगितलंय. पटाशी बसते की नाही ते मी स्वतः तपासलं म्हणून सांगितलं. समोरच्या वकिलानं मला एकच विचारलं, किती आत घातलीत? मी म्हटलं, पुरी बसेपर्यंत. बस, खाली बसला तो. पुढे एक प्रश्न विचारायची छाती झाली नाही त्याची."

मी म्हटलं, पाणी प्या काका. तेवढ्यात पुकारा झाला.

आत त्याच वकिलानं मला विचारलं, ज्या खुणा जुळतात त्या घटनेच्या वेळच्या आहेत का? मी म्हटलं, नाही, नंतरच्या. आणि घटनेच्या वेळच्या खुणा याच पटाशीच्या आहेत, असं तुम्ही म्हणू शकता का? म्हटलं, नाही. आरोपीच्या पिंजऱ्यात निलेश उभा होता. मी त्याच्याकडे बघितलं नाही. आमच्यात तशी पद्धत आहे, आरोपीकडे बघायचं नाही, नाहीतर डोळे आपोआप काहीतरी ठरवून टाकतात.

पटाशीखेरीज दुसरा पुरावा नव्हताच. निलेश म्हणत होता की त्याची हत्यारं गच्चीतच पडलेली असायची, कोणीही उचललं असेल. तो सुटला. मी पुढच्या पुडक्याकडे वळले. असंच असतं ते काम, नाहीतर माणूस वेडा होईल.

मी निवृत्त झाल्यावर एका दुपारी पार्ल्याच्या आमच्या घराची बेल वाजली. दारात पेडणेकर. पत्ता कसा मिळाला? तर वाकोल्याला आमच्या माहेरच्या गावच्या लोकांचं मंडळ आहे, त्यात त्यांचा कोणी चुलतमेहुणा निघाला. कोकणातल्या माणसापासून मुंबईत लपून राहता येत नाही. हातात आमसुलांची पुडी आणि बगलेत वर्तमानपत्रात बांधलेलं काहीतरी.

चहा झाला. मग त्यांनी वर्तमानपत्र सोडलं. आत ती पितळी पट्टी. खटला संपल्यावर मुद्देमाल परत मिळाला होता.

"मॅडम, आता कोर्ट नाही, पोलीस नाही. तुम्ही एकदा बघा."

मी सांगायला सुरुवात केली की आता काही उपयोग नाही, तर त्यांनी हात वर केला. "तां माका कळला," ते म्हणाले. मालवणीत आला की माणूस खरं बोलायला लागतो. "निकाल लागला त्या दिवशी सरकारी वकिलांनी समजावलं. माझ्याच हातान गेला. मी तक्रार करायला आलो नाही."

"मग काय होया तुमका?" मीही मालवणीवरच आले.

"मंदावहिनी डबा ठेवते," ते म्हणाले.

मला काही कळलं नाही. मग त्यांनी हळूहळू सांगितलं. सुमन गेली तेव्हापासून वरच्या मंदावहिनी दुपारी यांना जेवणाचा डबा द्यायच्या. निलेशला पकडल्यावर डबा बंद झाला. तो सुटून आला आणि एक दिवस दाराबाहेर डबा पुन्हा दिसला. बेल नाही, हाक नाही, नुसता डबा. पेडणेकर तो आत घेतात, उघडतात, बघत बसतात, आणि खात नाहीत. कबुतरांना नाहीतर खालच्या कुत्र्याला घालतात, डबा घासून वरच्या पायरीवर ठेवतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा डबा.

"पोरानं हिला ढकललं असलं तर त्या घरातलं पाणीसुद्धा मला नको. आणि केलेलं नसलं तर मी त्या बाईच्या अन्नाचा अपमान करतोय, रोज. ही असती तर हिनं मला घरात घेतलं नसतं. तुम्ही मला एवढंच सांगा. कोर्टाला नाही सांगितलंत तरी चालेल. ती खालची रेष निलेशच्या पटाशीची होती का? मी तो डबा खाऊ की नको?"

मी त्यांना खरं तेच सांगितलं. एक तर, मूळची रेष टिकली असती तरी ती पटाशीबद्दल बोलली असती, हाताबद्दल नाही. पटाशी कोणीही उचलू शकतं. पण रेष जुळली नसती, तर मात्र पोरगा कपाळावरचा डाग पुसून सुटला असता. "म्हणजे माझ्या दाबण्यानं हिचंच नाही, त्याचंही गेलं," ते म्हणाले. मी हो म्हटलं.

मग मी चाळिशी लावली, कपाटातून माझं जुनं भिंग काढलं आणि पट्टी घेऊन खिडकीत गेले. मला ठाऊक होतं काही दिसणार नाही. लाखो रुपयांच्या यंत्राला दिसलं नाही ते या भिंगाला काय दिसणार. तरी मी बघितलं. इकडून बघितलं, तिकडून बघितलं. एकदा तर, देवाशपथ सांगते, माझ्या मनात आलं की याला सांगून टाकावं, नाही जुळत म्हणून. म्हातारा जेवेल तरी. कोणाचं काय जाणार होतं? पण मग वाटलं, या माणसानं जन्मभर केसाइतकी फट चालवून घेतली नाही. खोटं उत्तर त्याच्या घशाखाली उतरायचं नाही, आणि माझ्याही.

"नाही सांगता येत, काका," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. रडले वगैरे नाहीत. पट्टी पुन्हा वर्तमानपत्रात बांधली, नीट, कोपरे दुमडून. "तुम्हाला सांगता येत नाही म्हटल्यावर तुमचं काम संपतं," ते म्हणाले. टोमणा नव्हता तो. "माझ्याकडे मात्र उद्या परत डबा येतलो."

ते गेल्यावर आमचे हे म्हणाले, बरं झालं, तू खरं सांगितलंस. मी त्यांच्यावर उगीचच खेकसले. त्या रात्री जेवण गेलं नाही, आणि नंतरही कित्येक दिवस ताटावर बसलं की मुलुंडच्या त्या डब्याची आठवण यायची. एवढ्या वर्षांत मी ते वाक्य किती अहवालांत लिहिलं असेल. प्रत्येक वाक्याच्या पलीकडे कोणीतरी असा बसला असेल, हे मला कधी सुचलंच नव्हतं. आता सुचतं आणि जीव कासावीस होतो.

या वर्षी गणपती होऊन गेल्यावर मला राहवेना. मी फोन न करता मुलुंडला गेले. जिना चढून दारापाशी आले आणि पहिली नजर चौकटीकडे गेली. सवय. पितळी पट्टी तिच्या जागी बसवलेली होती, चारही स्क्रू एका रेषेत, आणि कडेवर ती खूण तशीच.

पेडणेकरांनी दार उघडलं. आणखी वाळले होते, पण दाढी केलेली, सदरा इस्त्रीचा. "नवी का नाही लावलीत हो?" मी दारातच विचारलं.

"नवी कशाला? ही बसते. भोकं तिचीच आहेत."

आत टेबलावर स्टीलचा डबा होता, उघडलेला, आणि शेजारी ताट मांडलेलं. मी डब्याकडे बघितलं आणि त्यांनी ते बघितलं.

"खातो मी आता," ते म्हणाले.

"मग कळलं काही?"

"काय कळतलां?" ते खुर्चीत बसले. "एकदा डबा ठेवल्याचा आवाज आला, मी फटीतून बघितलं. मंदावहिनी जिन्याच्या वळणावर उभी होती. मी डबा आत घेईपर्यंत हलेना. तिचं तोंड बघितलं आणि माझ्या ध्यानात आलं मॅडम, की तिलाही ठाऊक नाही. पोरानं केलं की नाही केलं, त्या बाईलाही ठाऊक नाही. घरात एका ताटावर बसतात दोघं, आणि विचारायची तिची हिंमत होत नाही. त्या दिवशी मी खाल्लं. आता रोज खातो. प्रत्येक घासाला तेच मनात येतं, तरी खातो."

"आणि निलेश?"

"जिन्यात दिसतो. मान खाली घालून जातो. मी पण."

त्यांनी आतून दुसरं ताट आणलं, पदार्थ मोजके होते तरी अर्धे अर्धे केले, आणि माझं ताट माझ्यापुढे सरकवलं. मग हात मागे घेऊन थांबले. जेवा म्हणाले नाहीत. मी काय करते ते बघत होते.

मी ताट जवळ ओढलं. वालाची उसळ होती, खोबरं घालून केलेली, आणि तांदळाच्या भाकऱ्या. उसळ करायला वहिनीला सुमननं शिकवलं होतं, ते म्हणाले. मीठ जरा जास्त झालं होतं. आम्ही दोघांनी सगळं संपवलं. मग मी उठून डबा घासला, आणि जाताना वरच्या पायरीवर ठेवला.